चावडीपुढची रांग

मला राग फार लवकर येतो. आता म्हातारपणी येतो तो नुसता खोकल्यासारखा, पण पंचविशीत येत होता तो खरा. त्यात मी न्हावी. न्हाव्याच्या रागाची पंचाईत अशी, की हातात वस्तरा असतो आणि समोर गिऱ्हाइकाचा गळा. त्यामुळे चारचौघांना रागावण्याचं जे सुख मिळतं ते आम्हाला मिळत नाही. वस्तऱ्याला धार कशी लावायची हे शिकवायच्या आधी वडिलांनी मला राग कसा गिळायचा हे शिकवलं होतं. मी ते नीट शिकलो नाही, म्हणून तर ही हकिगत घडली.

आमचं गाव इस्लामपूर आणि कराडच्या मधलं, कृष्णेच्या काठाचं. मोठी लढाई संपली होती आणि पलटणीत गेलेले गडी परत येत होते. बेचाळीसपासून आमच्या सातारा भागात गोऱ्यांच्या सरकारला कुणी फारसं जुमानत नव्हतं. चावडीवर वर्तमानपत्र यायचं, मी सातवी पास असल्यामुळे ते मोठ्यांदा वाचून दाखवायचो, आणि ऐकणारे मिशांना पीळ भरायचे. पण जिल्ह्याकडचा एखादा साहेब गावाबाहेरच्या आमराईत तंबू ठोकून मुक्कामाला आला, की त्याच मिशा खाली यायच्या आणि गाव वेठीला लागायचं.

वेठ म्हणजे फुकटची कामं. महारांनी तंबूचं सामान डोक्यावरून आणायचं, लाकडं फोडायची, घोड्याला वैरण घालायची. मुलाण्याने कोंबड्या द्यायच्या, कुंभाराने मडकी, जैन शेतकऱ्यांनी दूध आणि बैलगाड्या. मी रोज सकाळी जाऊन साहेबाची दाढी करायची आणि संध्याकाळी पाय चेपायचे. कुणी नाही म्हणत नव्हतं, कारण बाकीचे नाही म्हणत नव्हते.

आदल्या वर्षीच्या साहेबाने मला सकाळपासून दुपारपर्यंत तंबूबाहेर उन्हात बसवून ठेवलं. मग शिपायाकरवी निरोप आला, की साहेबांची दाढी उद्या, आज त्यांच्या कुत्र्याचे केस कापायचे आहेत. मी कापले. नवंकोरं मशीन होतं माझं, सांगलीच्या बाजारातून आणलेलं, त्याने मी त्या केसाळ कुत्र्याचे केस कापले आणि कुत्रं मधूनमधून माझा हात चाटत राहिलं. कुत्र्यावर माझा राग नव्हता. घरी येऊन मात्र मी पाण्याची घागर लाथेने उडवली, आणि बहिणीने मला ती पुन्हा भरून आणायला लावली.

तर पुढच्या हिवाळ्यात नवा साहेब येणार अशी बातमी आली, आणि माझं डोकं फिरलं. मी वस्तरा चालवता चालवता जो समोर बसेल त्याला सांगायला लागलो, की यंदा मी जाणार नाही. गालाला पाणी लावलेला माणूस वाद घालू शकत नाही. आठ दिवसांत अर्ध्या गावाने माझं भाषण ऐकलं होतं. त्यातून बैठक ठरली.

बैठकीची जागा आण्णांची तंबाखूची वखार. आण्णा म्हणजे गावातले मोठे जैन शेतकरी, सांगलीकडच्या सोयऱ्यांमुळे बोलण्यात मधेच एखादा कानडी शब्द येणारे, आवाज कधी न चढवणारे. वखार त्यांनी मुद्दाम दिली. आत तंबाखूची इतकी धूळ असायची की नवखा माणूस आत आला की शिंकायचा, त्यामुळे चोरून ऐकायला कुणी आला तर आपोआप कळलं असतं. प्रत्यक्षात झालं असं, की भर दुपारी साठ-सत्तर माणसं आत शिरली आणि सगळीच शिंकायला लागली. महार, मराठे, मुलाणी, कुंभार, रामोशी, जैन, सगळ्यांची नाकं एकदम वाहायला लागली. पैलवान तर असा शिंकला की वरची कौलं हलली. पैलवान म्हणजे मराठ्यांच्या आळीतला शेतकरी, कुस्त्या करून दोन्ही कान चुरगळलेला, बोलायला लागला की नदीपलीकडे ऐकू जाणारा. त्या शिंकांमुळे सगळे हसायला लागले आणि अवघडलेपण गेलं. इतक्या जातीची माणसं एका छपराखाली एकत्र हसताना मी त्याआधी पाहिली नव्हती. मला इतका आनंद झाला की काय बोलायचं ठरवलं होतं तेच विसरलो.

ठराव मात्र झटक्यात झाला. कुणीच वेठीला जायचं नाही. एकानेही नाही. पैलवान ओरडला, "जो जाईल त्येला मी उचलून नदीत टाकीन!" आणि सगळे ओरडायला लागले.

तेवढ्यात हवालदार उठला. हा महारवाड्यातला, माझ्याच वयाचा, ब्रह्मदेशातून लढून आलेला. दंडावर तीन फिती मिळवून आला होता, पण गावातले बरेच जण हुद्दा सोडून त्याला अजून नुसती हाळीच मारायचे. मी हवालदार म्हणायचो. त्यात माझा मोठेपणा नव्हता, मला तो शब्दच आवडायचा.

"आमी येतो तुमच्यासंगं," तो म्हणाला. "पर नीट इचार करा. तुमी न्हाई म्हणला तर सायब चार शिव्या दील. आमी न्हाई म्हणलो तर आमची वतनाची जमीन जाईल, न्हाईतर घरात पोलिस येतील. म्हंजी आमचं लय जास्त जाणार. तवा मला एक सांगा. गेल्या साली सायबाच्या कुत्र्याला ह्या गड्याचं मशीन चाललं." त्याने माझ्याकडे बोट केलं. "माज्या बाला सत्तर वर्सं झाली. त्येला कवा चाललं?"

कुणी शिंकलंसुद्धा नाही.

जुन्या रिवाजाप्रमाणे गावचा न्हावी महारवाड्यात जात नसे. तिथले लोक एकमेकांची दाढी-डोकी आपापसांत करत. माझ्या आज्याने हेच केलं, बापाने हेच केलं, मी हेच करत होतो, आणि खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं वाटलंही नव्हतं. माझा सगळा राग साहेबावर. आता कानशिलं तापली, ती लाजेने.

हवालदार पुढे म्हणाला, "पलटणीत एकच न्हावी सगळ्यांस्नी हुता. गावात आमचा आन तुमचा न्हावी एक झाला, तर आपुन एक. न्हाई झाला तर तुमचं तुमी बगा, आमचं आमी."

"उद्या सकाळी!" मी ओरडलो. विचार करून नाही, तोंडातून निघून गेलं. "उद्या सकाळी, चावडीपुढं, सगळ्यांच्या देखत. पयली तुजी."

पैलवान उभा राहिला. "आन त्याची झाली की त्याच वाटीतल्या पाण्यानं माजी!"

आण्णा हळूच म्हणाले, "पैलवानांच्या मागं माझा नंबर धरा."

मग जो गलका झाला तो विचारू नका. मी वखारीतून बाहेर आलो तेव्हा मला वाटत होतं की आपण गाव जिंकलं. घरापर्यंत मी जवळजवळ पळतच गेलो.

घरात नाना बसले होते. नाना म्हणजे माझे चुलते. आसपासच्या वीस गावांतल्या न्हाव्यांच्या जमातीत त्यांचा शब्द चालायचा. माझ्याआधी बातमी घरी पोहोचली होती. धाकट्या बहिणीची सोयरीक नानांनीच कराडच्या एका घरात जमवली होती, हळद लागायला पंधरा दिवस उरले होते.

"कराडकरांनी ऐकलं तर पोरीला दारात उभी करतील का?" नाना म्हणाले. "जमात वाळीत टाकील. तुला कळतंय का काय करतोयस ते?"

मी काही बोलायच्या आधी बहीण बोलली. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता. ती माझ्याहून तापट. "नाना, माज्या भावानं कुणाची दाढी केली हे इचारून मला घरात घेणार असतील, तर त्यांचं दार त्यांस्नीच लखलाभ. मी जात न्हाई."

"तू गप."

"मी न्हाई गप बसणार. लगीन माजं हाय." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आन तू माजं नाव पुढं करून माघार घेतलीस, तर जल्मात तुज्याशी बोलणार न्हाई."

नाना उठून गेले. मी बहिणीला काहीतरी छान बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "वस्तरा परजून ठेव. उगं बोलत बसू नगंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढे जत्रा भरल्यासारखी गर्दी. बाया कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या. गाव एका बाजूला, आणि रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली महारवाडा उभा होता. ती माणसं रस्ता ओलांडून आली नव्हती. हवालदार एकटाच आला. पलटणीतला खाकी सदरा घालून, चार दिवसांची दाढी वाढवून. चावडीच्या पायरीवर नाना हाताची घडी घालून बसले होते, आणि त्यांच्याभोवती गावातले आठ-दहा जुने लोक. पैलवान आधीच सदरा काढून तयार, जणू कुस्तीचा पुकारा व्हायचा आहे.

मी घोंगडं अंथरलं. हत्यारांची धोपटी सोडली. वाटीत पाणी घेतलं. हवालदार माझ्यापुढे उकिडवा बसला. त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागले. मी पाणी घेतलं आणि त्याच्या गालाला लावलं.

काय सांगू तुम्हाला! गाल गालासारखाच होता. मी हजारो गाल चोळले असतील. तरीही हा मी जरा जास्तच वेळ चोळत राहिलो. चावडीकडून एक हुंकार आला, कडुनिंबाखालून एकही आवाज नाही. मी वस्तरा लावला. जबड्याखाली जखमेचा एक जुना वण होता, तिथे मी हात हळू केला, तसा तो डोळे मिटूनच म्हणाला, "हात हलका हाय रं तुजा." मला इतका अभिमान वाटला की मी चावडीकडे, नानांकडे, मान ताठ करून पाहिलं. त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दाढी केली. वरचा ओठ, कानाजवळचे कल्ले, हनुवटीची खळी, कुठे एक केस राहिला नाही. ओला हात फिरवला, तुरटी फिरवली. झालं!

आणि मग मी धोपटीतून आरसा काढला आणि त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला.

वाचणाऱ्याला यात काय मोठं असं वाटेल, म्हणून सांगतो. दाढी झाली की आरसा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा ही आमच्या धंद्याची रीत. पण महारवाड्यातल्या माणसाला काही द्यायचं तर हातात द्यायचं नाही, खाली ठेवायचं आणि त्याने ते उचलायचं, ही गावाची रीत. मी घटकाभर त्याचं अख्खं तोंड माझ्या दोन्ही हातांत धरलं होतं. ते मी ठरवून केलं होतं. आरसा द्यायचं काही ठरवलं नव्हतं, तो माझ्या हाताने परस्पर खाली ठेवला. आणि मला पत्ताच नव्हता. मी हसत हसत "वा!" ऐकायची वाट बघत होतो.

हवालदार आरशाकडे बघत होता. उचलत नव्हता.

"बग की," मी म्हणालो.

तो हलला नाही. मला राग आला. लाज वाटते सांगायला, पण मला त्याचाच राग आला. मनात म्हटलं, अरे, बहिणीचं लग्न पणाला लावून मी इथे बसलोय, आणि हा तोंड वाकडं करतोय?

"उचल की!" मी जोरात म्हणालो.

तेव्हा चावडीच्या पायरीवरून नाना हसले. मोठ्याने, मनापासून. "बगा!" ते म्हणाले. "आमच्या पोराच्या हाताला रीत कळती. डोस्क्यालाच कळंना."

मी खाली पाहिलं. धुळीत पडलेला आरसा पाहिला, त्यात कडुनिंबाचा तुकडा दिसत होता, आणि सगळं एकदम उमजलं. रस्त्यापलीकडे माणसं वळायला लागली होती. हवालदाराच्या म्हाताऱ्या बापाने काठी उचलली आणि पाठ फिरवली. सगळं चाललं होतं. वखार, ठराव, पैलवानाच्या आरोळ्या, सगळं माझ्या एका हातामुळे धुळीत चाललं होतं.

मी आरसा उचलला. धोतराला पुसला. दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. "चुकलो गड्या," मी म्हणालो. "मी ठिवला न्हाई. हातानं ठिवला."

त्याने आरसा घेतला. स्वतःकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहत राहिला.

"हात तुजाच हाय न्हवं?" तो म्हणाला.

"माजाच."

"मग आता तू बस."

"आं?"

"हिकडं बस. तुजी वाढलीया." तो माझ्या जागी सरकला. माझा वस्तरा उचलला, अंगठ्याने धार पाहिली, चामड्याच्या पलाटीवर दोनदा फिरवला, आणि तो ज्या तऱ्हेने फिरवला त्यावरून मला कळलं की ह्या माणसाला हे काम येतं. का येणार नाही? महारवाड्यातली डोकी पिढ्यान्‌पिढ्या कुणी केली? मी तर अशा थाटात बसलो होतो, जणू वस्तरा ही चीज फक्त आमच्या घरात जन्माला आली.

त्याने जे मागितलं ते दाढी करण्याहून कितीतरी अवघड होतं. कुणाची दाढी करणं म्हणजे आपण देणारे. आपला गळा दुसऱ्याच्या हातात देणं निराळं. नाना पायरीवरून उठून उभे राहिले होते. माझ्या नावाची हाक मारली त्यांनी, एकदाच. मी बसलो. मान वर केली.

त्याने त्याच वाटीतलं पाणी माझ्या गालाला लावलं. हात खरबरीत होता, पण वस्तरा असा चालला की वडिलांची आठवण झाली. गळ्याच्या घाटीवर वस्तरा आला तेव्हा तो माझ्या कानाशी पुटपुटला, "भ्यालास?"

"लय," मी म्हणालो.

तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता त्याने मला बारीकशी चीर पाडली, आणि मीही हसलो, आणि मग दोघांनाही हसू आवरेना. वस्तरा हातात घेऊन तो हसतोय, रक्ताचा थेंब गळ्यावर घेऊन मी हसतोय, लोक येड्यासारखे बघतायत.

काम झालं तसा पैलवान पुढे आला. ठरलं होतं की तो माझ्यापुढे बसणार. मी धोपटीतून दुसरा वस्तरा काढला. पैलवानाने माझ्याकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं, आणि सरळ जाऊन हवालदारापुढे बसला.

"माजी तू कर," तो म्हणाला. "ह्यो बोलून बोलून डोकं खातो."

तो हशा मला अजून ऐकू येतो. आण्णा माझ्यापुढे येऊन बसले. आणि मग, मी आण्णांच्या गालाला पाणी लावत असताना, डोळ्याच्या कडेने पाहिलं, तो म्हातारा काठी टेकत रस्ता ओलांडत होता. त्याच्यामागे दुसरा, मग चौघे, मग सगळे. आले आणि रांगेत उभे राहिले. कुणी माझ्यापुढे बसायचं, कुणी हवालदारापुढे, ते आमच्यातला जो आधी मोकळा होईल त्यावर. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही दोघं वस्तरे चालवत होतो. म्हाताऱ्याचं डोकं माझ्या वाट्याला आलं. सत्तर वर्षांचं ते डोकं मी मशीनने केलं, त्याच मशीनने, आणि शेवटी आरसा त्याच्या हातात दिला. त्याने तो बराच वेळ धरून ठेवला. मला वाटतं त्याला नीट दिसत नव्हतं.

कराडची सोयरीक मोडली. नानांनी दोन वर्षं आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. बहिणीचं लग्न पुढल्या साली वडूजकडे झालं, आणि ती नवऱ्याला माझ्याहून जास्त धाकात ठेवते. पण तेव्हा याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती, कारण तिसऱ्याच दिवशी साहेब आला.

आमराईपर्यंत सामान त्याच्या बैलगाडीत आलं, आणि ते उतरवायला कुणीच नव्हतं. बरोबरच्या शिपायाने महारवाड्यात जाऊन हाळी दिली. तिथून उत्तर आलं, "गावाला इचारा." तो गावात आला. गावाने सांगितलं, "महारवाड्याला इचारा." बिचारा उन्हातून दोनदा फिरला. मुलाण्याने सांगितलं की कोंबड्या अंड्यावर बसल्यात. कुंभाराने सांगितलं की मडकी भाजायचा आवा थंड आहे. आण्णांनी अदबीने सांगितलं, की गाड्यांना वंगण नाही. खोटं कुणाला बोलायचं नव्हतं, पण पहिल्या दिवशी थोडं बोलले. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांनी सरळ नाही म्हटलं, आणि ते म्हणताना माणसं दोन बोटं उंच झाल्यासारखी दिसत होती. शिपाई आणि गाडीवान दोघांनी मिळून तंबू ठोकला, तो एका अंगाला झुकलेला.

आम्ही दोघं रोज सकाळी चावडीपुढे बसत होतो. ते ठरलंच होतं, साहेबाचा मुक्काम असेपर्यंत गावातल्या सगळ्या दाढ्या तिथेच व्हायच्या, म्हणजे कुणी चोरून आमराईत गेलं तर कळावं. शिपाई आला. "न्हावी कोण?" त्याने विचारलं.

"आमी दोघं," हवालदार म्हणाला.

"साहेबांनी बोलावलंय. दाढी करायचीय."

पैलवान रांगेत उभा होता. दाढी कालच झाली होती, तरी उभा होता. "सायबाला हितं पाटवा," तो म्हणाला. "रांग हाय."

शिपाई गेला. दोन दिवस काही झालं नाही. गावात लोकांचा जीव टांगणीला. इस्लामपुराहून पोलिस येणार, हवालदाराला उचलणार, महारवाड्यातल्या जमिनी काढून घेणार, अशा बातम्या तासातासाला उठायच्या. हवालदाराने घरातली भांडीकुंडी बांधून ठेवली होती, हे त्याने मला नंतर सांगितलं. मी त्याला विचारलं, "आता काय?" तो म्हणाला, "आता बसायचं."

तिसऱ्या सकाळी साहेब स्वतः आला. नवा, तिशीतला, आपल्याच मुलखातला माणूस, पोलिसांशिवाय, नुसता शिपाई बरोबर. तीन-चार दिवसांची दाढी वाढलेली. रांगेत सहा माणसं होती. शिपाई पुढे होऊन त्यांना बाजूला सारायला लागला, तर एकही जण हलला नाही. कुंभार हलला नाही, त्याच्यामागचा रामोशी हलला नाही, आण्णा हलले नाहीत. साहेबाने पाहिलं. त्याच्या मनात काय चाललं होतं मला माहीत नाही. पोलिस बोलवायचे असते तर बोलवता आले असते. त्याने शिपायाला मागे घेतलं आणि तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

मी समोरच्या माणसाची दाढी लांबवत होतो, आणि हवालदार आपली भराभर उरकत होता, त्यामुळे काय होणार हे मला आधीच दिसायला लागलं होतं. माझ्यापुढे अजून आण्णा होते, गालाला नुसतं पाणी लागलेलं. हवालदाराचं गिऱ्हाईक उठलं. रांगेत पुढे साहेब.

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, माझ्याकडे जागा नाही म्हणून. साहेबाने हवालदाराकडे पाहिलं. हवालदार कोण, कुठल्या वाड्यातला, हे शिपायाने त्याला सांगितलं नसणं शक्यच नव्हतं. साहेब पुढे आला, विजारीच्या घड्या सावरत घोंगड्यावर बसला. हवालदाराने वाटीतलं पाणी बोटांवर घेतलं.

"मान वर करा," तो म्हणाला.

साहेबाने मान वर केली.